पुलापलीकडच्यांवर एक लेख

सोमवार, ता. ४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन करायला मेहुण्यांनी, म्हणजे हिच्या भावाने, बंदी घातली आहे. ते माझे प्रचारप्रमुख झालेत. जन्मभर मांडव आणि लाऊडस्पीकर भाड्याने दिल्यामुळे राजकारण आपल्याला आतून कळतं, असं त्यांचं म्हणणं. आपले फोन टेप होतात म्हणे, आणि मतदान होईपर्यंत पूल ओलांडून तुझ्याकडे यायलाही मनाई आहे. म्हणून हे पत्र. लिहिण्यामुळेच अडकलो आणि पुन्हा लिहीतच बसलोय. हस, मनसोक्त हस.

झालं असं, की समोरच्या उमेदवाराने, त्या चष्मेवाल्याने, आमच्या पाणीखात्याचं जुनं मासिक शोधून काढलं. चौतीस वर्षांपूर्वी त्यात माझ्या नावाने 'नळावरच्या गप्पा' यायच्या, आठवतं ना? त्यातल्या एका लेखातलं एकच वाक्य त्याने पत्रकावर छापलंय : 'पुलापलीकडच्या माणसाला घर भाड्याने देण्याआधी दहादा विचार करा, आणि मग देऊ नका.' खाली माझं नाव, शेजारी माझा आत्ताचा हसरा फोटो. प्रभागातली निम्मी मतं पुलापलीकडची आहेत. काल तिकडे प्रचाराला गेलो तर कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत, नुसती बघत राहिली.

एक काम कर. तुझी सून पलीकडचीच, आणि तिची आई तर तुझ्या शेजारच्या गल्लीत राहते. त्या दोघींबरोबर माझा एखादा फोटो असला तर पाठव. लग्नातला एकच आमच्याकडे सापडला, पण त्यात मी पाठमोरा जेवतोय.

लोभ आहेच, तो मतदानापर्यंत तरी दुप्पट करावा.

तुझा
धाकटा

ता. क. त्या लेखाबद्दल तुला काही आठवतं का? सहज विचारलं.


बुधवार, ता. ६

चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्रक आमच्याही गल्लीत आलं. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुझे कान उपटावेसे वाटले. अरे, असं लिहवलं तरी कसं तुला? ज्या घरात मी राहते त्या घरची सून पुलापलीकडची. तिची आई रोज दुपारी चारला माझ्याकडे येते, आम्ही दोघी पेपर वाटून घेतो, मधली पानं तिची, बाहेरची माझी. परवा चारला ती आली, पत्रक पेपरातच होतं, आणि तिने ते घडी घालून बाजूला ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोटोबिटो मिळणार नाही. माझी माणसं म्हणजे तुझ्या मेहुण्याच्या मांडवातल्या झालरी नव्हेत. बावीस वर्षांचा असताना सुचलं म्हणून काहीही लिहायचं, आणि अंगाशी आलं की सून दाखवायची, हा कुठला न्याय? 'काळ वेगळा होता' म्हणू नकोस, काळ काही तुझा हात धरून लिहीत नव्हता. 'विनोद होता' म्हणू नकोस. 'संदर्भ सोडून' तर अजिबात म्हणू नकोस. ज्याने लिहिलं त्याने चारचौघांत उभं राहावं, मी लिहिलं म्हणावं आणि माफी मागावी. एवढं सोपं आहे. तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली, गळू फोडल्याशिवाय ताप उतरत नाही हे मला तू शिकवू नयेस.

लेखाबद्दल मला काय आठवणार? तुझे ते साहेबांच्या छत्रीवरचे वगैरे लेख आठवतात, ते बरे होते.

आशीर्वाद आहेत, पण आखडते आहेत.

ताई


शनिवार, ता. ९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायला उशीर झाला. तोवर तू जे जे म्हणू नकोस म्हणालीस ते सगळं म्हणून झालं होतं.

सोमवारी संध्याकाळी मेहुण्यांनी जाहीर केलं, की लेख लिहिणारा याच नावाचा दुसरा माणूस होता. मंगळवारी तो दुसरा माणूस सापडला. तो जिवंत आहे, पाणीखात्यातूनच निवृत्त झालाय आणि चष्मेवाल्याचा सख्खा साडू आहे. बुधवारी आम्ही म्हणालो, तो उपहास होता. कोणाचा, असं एका बाईंनी विचारलं, तेव्हा मेहुण्यांनी लाऊडस्पीकर बिघडवला. ते काम त्यांना चांगलं येतं.

गुरुवारी मी आपल्या बुद्धीने बोललो. म्हटलं, माझा शिंपीसुद्धा पलीकडचा आहे, इतकी वर्षं आमचा घरोबा आहे. तर शिंपी सभेतच बसलेला. तो उठला आणि म्हणाला, की साहेब दर वर्षी पँट घट्ट झाली म्हणून घेऊन येतात आणि दर वर्षी म्हणतात, तुम्हा लोकांना माप घेता येत नाही. पोट त्यांचं वाढतं, नाव आमचं जातं. टाळ्या त्याला मिळाल्या.

आता तू म्हणतेस ते. ज्याने लिहिलं त्याने उभं राहावं. ताई, सोबत त्या लेखाचं कात्रण पाठवतोय. चष्मा पुसून, बसून वाच. तेव्हा मी बावीसचा होतो आणि तू चोवीसची. मला चार ओळी लिहायच्या म्हटलं की घाम फुटायचा, आणि तुला नर्सिंगच्या वहीत चित्रं काढता येत नव्हती. तुझी दोन्ही मूत्रपिंडं आणि एक सबंध हृदय मी काढून दिलं, त्यावर तू पहिली आलीस. बदल्यात दर महिन्याला काय मिळायचं, ते तुला सांगायला नको.

मी हे कोणाला बोललेलो नाही. मेहुण्यांना तर मुळीच नाही, ते उद्याच पत्रक काढतील. सही माझी होती. छापून आल्यावर खात्यात कॉलर ताठ करून हिंडलो तोही मीच. तू काही लिहू नकोस, काही करू नकोस. फक्त माहीत असावं म्हणून.

राग आला तरी लोभ ठेवावा, दोन्ही एकदम ठेवायची तुला सवय आहे.

धाकटा


सोमवार, ता. ११

चि. धाकट्यास,
अ. आ.

वाचला.

छत्रीचे वगैरे तेवढे मी लिहून दिले, बाकीचे तुझेच, असं इतकी वर्षं सोयीने धरून चालले होते. पहिलं वाक्य वाचताना वाटलं, धाकट्याला बरं सुचायचं तेव्हा. दुसऱ्या वाक्यावर कात्रण खाली ठेवलं. 'त्यांच्या घरी साबण पाहुण्यासारखा येतो, दोन दिवस राहतो आणि कोणी हात न लावता परत जातो.' हे मी लिहिलंय. होस्टेलच्या गच्चीवर लिहिलं, आणि सुचलं तेव्हा एकटीच खदखदून हसले, तेही आठवलं. तेव्हा पलीकडचा एकही माणूस मला नावाने माहीत नव्हता. लिहायला तेवढं पुरलं.

खरं सांगू? तुला उत्तर म्हणून आधी तीन कागद लिहिले. पहिल्यात लिहिलं, काळच तसा होता. दुसऱ्यात लिहिलं, तो निव्वळ विनोद होता. तिसऱ्यात संदर्भ समजावून सांगितला, पानभर. मग तुला पाठवलेलं माझं पत्र आठवलं आणि तिन्ही फाडले. तुझ्या मेहुण्याला नावं ठेवली, पण मी त्याच्याही वर निघाले, मला कोणी लाऊडस्पीकरसुद्धा दिला नव्हता.

मी फार घाबरलेय रे. सून मला आई म्हणते. तिची आई ही माझी या वयात झालेली एकुलती एक मैत्रीण आहे. उद्या चारला ती येईल, मधली पानं घेईल, आणि मी कोणत्या तोंडाने बाहेरची घेऊ? गप्प राहिले तर काहीच होणार नाही, हेच जास्त भयंकर वाटतंय. तू गप्प राहशील हे मला माहीत आहे, म्हणूनच मला राहता येत नाही. उद्या सांगणार आहे. पुढचं काय होईल ते होवो.

आशीर्वाद देण्याची आज माझी लायकी नाही, पण सवयीने जातातच.

ताई


शुक्रवार, ता. १५

श्री. मामा यांस,
स. न. वि. वि.

मी तुमच्या भाचेसुनेची आई. तुम्हाला पत्र लिहिण्याइतकी आपली ओळख नाही, पण तुमच्या ताईंनी मंगळवारी मला जे सांगितलं ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

त्यांनी सांगितलं आणि रडू लागल्या. मला रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी घरी गेले. बुधवारी गेले नाही. गुरुवारी चारला गेले आणि म्हटलं, रडायचं नंतर, तुम्ही लिहिलाय तर आधी मला वाचून दाखवा. त्यांनी वाचला. 'पुलापलीकडच्या माणसाला नळ दाखवू नये, पाणी संपेपर्यंत तो थांबत नाही आणि संपल्यावर नळ काढून नेतो' इथे त्यांनी चष्मा काढून ठेवला. मी म्हटलं, पुढे.

मला पुढचं माहीत होतं. त्या वर्षी आमच्या गल्लीच्या नळाचा अर्ज घेऊन माझे यजमान तुमच्या कचेरीत आले होते. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज घेतला आणि हे मासिक काढून त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. कचेरी हसली. अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला. आमचा नळ त्यानंतर दोन वर्षांनी आला. ती दोन वर्षं मी दोन बादल्या घेऊन पूल ओलांडत होते, त्यातले शेवटचे काही महिने तुमची भाचेसून पोटात होती. तो कारकून तुम्ही होता का हे मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही.

ताईंना मी माफ केलं का, ते त्यांचं आणि माझं बघून घेऊ. त्यांच्याकडे जाते. पेपर सध्या सगळा मीच वाचते, त्यांना जाहिराती देते.

तुमच्याबद्दल एवढंच. माफीचं पत्रक मला नको, रद्दीत फार झालीत. सही तुमची आहे, तर रविवारच्या सभेत लेख सबंध वाचून दाखवा. मी पुढे बसेन. मत मात्र देणार नाही, ते गृहीत धरू नये.

घरी सर्वांना विचारलं म्हणून सांगावं.

भाचेसुनेची आई


मंगळवार, ता. २६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल तुला कळलाच असेल. मी निवडून आलो. अभिनंदन करू नकोस, कारण ऐक.

सभेत लेख वाचायचा ठरवला तेव्हा मेहुण्यांनी माझे पाय धरले. तरी वाचायला उभा राहिलो. तुझी विहीण पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून बसलेली. मला वाटलं होतं, लोक ओरडतील, कागद फेकतील. साबणाच्या वाक्याला हशा पिकला. मी थांबलो. म्हटलं, ऐकण्यात चूक झाली असेल, म्हणून तेच वाक्य सावकाश वाचलं. दुप्पट हशा. नळाच्या वाक्याला तर मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. ताई, तू जिथे जिथे योजला होतास, नेमका तिथे तिथे हशा आला. चौतीस वर्षांत एकही जागा चुकली नाही. तुझी विहीण मात्र हसली नाही, आणि मी तिच्याकडे पाहून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणालो, की हे माझ्या नावाने छापलं गेलं, हे खोटं आणि हलकट आहे, आणि जे आत्ता हसले त्यांची मतं मला नकोत. हे मात्र कोणी ऐकलं नाही. मेहुण्यांनी लाऊडस्पीकर बंद केला होता.

तर त्या हसणाऱ्यांनीच मला निवडून दिलं. पुलाच्या अलीकडे रांगा लागल्या होत्या. रस्त्यात लोक हात मिळवतात आणि म्हणतात, तो नळाचा भाग परत एकदा होऊन जाऊ दे.

कारकुनाचंही सांगतो. खिडकीवर आम्ही तिघे आळीपाळीने बसायचो. तो दिवस मला आठवत नाही. पण वाचून दाखवायची हौस तिघांत मला एकट्यालाच होती.

काल राजीनामा लिहिला. स्वतः लिहिला, पाच ओळींना अख्खी दुपार लागली. तो घेऊन पूल ओलांडला आणि आधी तुझ्या विहिणीला दाखवायला गेलो. तिने उभ्या उभ्या वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाली, की तुम्हाला लाज वाटली हे चांगलं झालं, पण तुम्ही घरी बसलात तर तुमची लाज फक्त तुमच्याच उपयोगाची. आमच्या गल्लीत पाणी अजूनही एक दिवस सोडून येतं. तेव्हा खुर्चीत बसा आणि ते रोज आणून दाखवा.

मी म्हटलं, त्याला वर्ष लागेल, बैठका असतात, फायली असतात. ती म्हणाली, चालेल, मला वाट पाहायची सवय आहे. उद्या दहाला पहिली बैठक आहे. सभागृहाबाहेरच्या बाकावर ती येऊन बसणार आहे. आणि परवाही.

कळावे. तुझा लोभ मागत नाही, तो आहे. तिचा मिळवायला किती बैठका लागतील कोण जाणे.

तुझा
धाकटा