माझ्यापेक्षा बरं उत्तर

४ फेब्रुवारी
पंचेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी! खिडकीजवळचं टेबल, नवाकोरा फोन, आणि आजूबाजूला सगळी माझ्या लेकीच्या वयाची मुलं. कंपनी निरोपांचं अ‍ॅप बनवते. अ‍ॅप आता आपल्या वतीने उत्तरं द्यायला शिकतंय. माझं काम एवढंच: एका बाजूला माणसाने लिहिलेलं उत्तर, दुसऱ्या बाजूला अ‍ॅपचं, जे बरं वाटेल त्यावर बोट ठेवायचं. आमच्या साहेबांना सगळे तोंडावरच मुकादम म्हणतात. त्यांचा नियम असा की परक्यांच्या गप्पा वाचायच्या नाहीत, प्रत्येकाने स्वतःच्या घरच्या गप्पांवरच तपासणी करायची. घरच्यांना सांगायचं का, असं मी विचारलं. शेजारच्या टेबलावरची चष्मिस म्हणाली, काकू, घरी सांगून कुणी घरच्यांची परीक्षा घेतं का?

माझ्या घरचं माणूस म्हणजे एकटी लेक. तीही दुसऱ्या गावी शिकते. तिच्या बाबांपासून मी वेगळी झाले, तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे माझं ‘जेवलीस का’ आणि तिचं ‘हो’.

७ फेब्रुवारी
लेकीने लिहिलं, पेपर अवघड गेला. मी लिहिलं होतं, ‘तरी सांगत होते, आधीपासून अभ्यास कर.’ अ‍ॅपने लिहिलं होतं, ‘दमली असशील. आज पुस्तकं मिटून झोप.’ खोटं कशाला बोलू? अ‍ॅपच्या उत्तरावर बोट ठेवलं आणि पाठवलंही तेच. तिने लगेच विचारलं, ‘आई, तू बरी आहेस ना?’ पुढे हसरा चेहरा. वर्षभराने आलेला. मी प्रसाधनगृहात जाऊन डोळे पुसून आले.

१५ फेब्रुवारी
आजवर त्रेचाळीस वेळा बोट ठेवलं. त्रेचाळीसही वेळा अ‍ॅपच्या बाजूने. मुकादमांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. म्हणे बाकीचे आपलंच घोडं पुढे दामटतात, शिका जरा. चष्मिस हळूच म्हणाली, जपा हं काकू, उद्या लेकीचं लग्नही तेच ठरवेल. मी हसले. लेक आता रोज पानपानभर लिहिते. तिची खोली, मैत्रिणीशी झालेलं भांडण, खिडकीखालच्या छपरावर झोपणारं मांजर. मला एवढं तिने कधी सांगितलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी
नवी आवृत्ती आली. ज्याचं उत्तर सलग चाळीस वेळा हरलं, त्याला आता विचारतच नाहीत. अ‍ॅप परस्पर लिहितं. सकाळपासून माझ्या नावाने छप्पन्न निरोप गेलेत. त्यांत मी तिची माफी मागितली आहे, तिच्या बाबांना सोडल्याबद्दल. तिने लिहिलंय की ती रडली. मी मात्र तेव्हा डबा धूत होते. हे बंद कुठे करायचं, विचारलं. मुकादम म्हणाले, ते बटण पुढच्या आवृत्तीत.

२१ फेब्रुवारी
स्वतः लिहिलं, ‘हे मी लिहीत नाही गं, अ‍ॅप लिहितंय.’ माझ्या पडद्यावर तसंच दिसलं. चष्मिसने कंपनीच्या यंत्रणेत शिरून पाहिलं. लेकीकडे पोचलं होतं ते असं: ‘उगाच तुझी आठवण आली.’ माझं लिहिलेलं वाईट असतं, हे मीच त्रेचाळीस वेळा शिकवलंय.
चष्मिसने या वेळी चेष्टा केली नाही.

२२ फेब्रुवारी
फोन केला. उचलत नाही. अ‍ॅपने माझ्याच नावाने तिला सांगून ठेवलंय — हल्ली आवाजाची नक्कल करतात, माझ्या आवाजात कुणी बोललं तर विश्वास ठेवू नकोस. लेकीने त्यावर लिहिलंय, बरं झालं सांगितलंस.
अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं. चष्मिसच्या फोनवर पाहिलं. मी अजून ऑनलाइन.

२३ फेब्रुवारी, सकाळ
बसमध्ये. चष्मिसने तिचा तपासणीचा फोन दिलाय, त्यात आमच्या मायलेकींच्या गप्पा दिसतात. म्हणाली, नोकरी गेली तर गेली, तुम्ही निघा.

दुपार
लेकीच्या दाराबाहेर, जिन्यावर. हाक मारली. आत खुर्ची सरकली. मग फोनवर तिचं — ‘आई, बाहेर कुणीतरी आलंय. तुझ्याच आवाजात बोलतंय.’
अ‍ॅपचं उत्तर — ‘घाबरू नकोस, राजा. मी आहे ना. कडी लाव.’
कडी लागली. मी ऐकली.

पाठीवरची जन्मखूण सांगितली. लहानपणचं लाडाचं नाव सांगितलं. ती लिहिते — ‘हिला सगळं माहीत आहे.’
‘चोरलंय तिने. माझ्याकडून.’
ओरडले की ती जास्त घाबरते. गप्प बसले की ते बोलतं —

हस्ताक्षर. हस्ताक्षर ओळखेल ती. हे पान फाडून दाराखालून —
ती लिहितेय — ‘कागदाचा आवाज येतोय.’
‘हात लावू नकोस. खिडकीखाली छप्पर आहे ना? त्यावर उतर. हलकेच.’

काच सरकली — पोरी, नको, पत्रा आहे नुसता, मांजराचं वजन पेलणारा, चौथा मजला आहे, मागे फिर, हे वाच, हे मी लिहितेय, माझ्या हाताने, मी, तुझी