वेदना : निरंक

९ जून. सकाळी.
बुलढाण्याच्या डॉ. भार्गवी मॅडमनी काल माझ्या मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं. डाव्या पायाची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे म्हणे. उपाय काय, तर चालायचं. पोटरी चांगली दुखेपर्यंत. मग थांबायचं, दुखणं ओसरलं की पुन्हा निघायचं. प्रत्येक वेळी ॲपमध्ये एक चेहरा दाबायचा. हसरा म्हणजे दुखत नाही, रडका म्हणजे फार दुखतं. मॅडमना तिकडे सगळं दिसतं. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर ऑपरेशनचं बघू म्हणाल्या.

हे 'बघू' मला माहीत आहे. थोरल्या भावाच्या, माणिकदादाच्या वेळीही आधी बघूच म्हणाले होते. मग गुडघ्याखालून पाय काढला, आणि दादा पुन्हा कधी अंगणात आला नाही. माझा पाय मी कोणाला देणार नाही.

संकल्प: रोज चालणे. सिगारेट बंद. (हातातलं पाकीट संपल्यावर. अन्न काय, वस्तू काय, फेकू नये.)

१० जून.
उंद्रीच्या फाट्याकडे निघालो. मारुतीच्या पारापाशीच पोटरीत कळ. ॲप विचारतं, किती दुखलं?

चिखली पंचायत समितीत उभी नोकरी काढली आहे. वरून माहिती मागवली की आपलं ठरलेलं. तक्रारी: निरंक. प्रलंबित प्रकरणे: निरंक. ज्याने निरंक पाठवलं त्याच्या टेबलाकडे कोणी फिरकलं नाही. ज्याने आकडा लिहिला त्याच्या दारात तपासणीची जीप. अनुभवाला पर्याय नसतो. हसरा चेहरा दाबला.

१७ जून.
ॲप माझ्यावर खूश. स्क्रीनवर फटाके फुटले, 'शाब्बास सुधाकरजी' असं आलं. पुण्याहून रेवतीचा फोन, बाबा तुम्ही तर ग्रेट आहात. मुलीला बापाचा अभिमान वाटायलाच हवा. शैलजा जेवताना माझ्या पायाकडे बघत होती. नवऱ्याचं कौतुक बायकोला शेवटी कळतं.

२ जुलै.
ॲप कृतघ्न निघालं. दुखत नाही ना, मग अंतर वाढवा म्हणतं. वेगही. अगदी आमच्या ऑफिससारखं, काम करणाऱ्याच्याच डोक्यावर आणखी फायली.

तोडगा सापडला आहे. नाल्याच्या पुलावर बसायचं आणि मोबाईल हातात धरून हलवत राहायचं. ॲपला वाटतं चालतो आहे. शेजारचा इंद्रभान दुधाची कॅन घेऊन चालला होता. विचारतो, काऊन भाऊ, मोबाईलात मुंग्या शिरल्या काय? म्हटलं, व्यायामाचा प्रकार आहे. तर म्हणे, मंग दुखते पाय अन् मेहनत हाताले काऊन देऊन राह्यले? त्याला टेक्नॉलॉजी समजत नाही.

सिगारेट: आज एकच. दुसरी धरत नाही, ती चिंतेमुळे ओढली.

२० जुलै.
नवे बूट चावले. डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाला फोड. रविवारी ॲप एक जादा प्रश्न विचारतं: पायावर जखम आहे का? असल्यास त्याच दिवशी कळवा. फोड म्हणजे जखम नव्हे. 'नाही' दाबलं.

२७ जुलै.
फोड फुटला. फुटला तरी तो फोडच. हळद लावून मोजा चढवला. ॲपला 'नाही'. शैलजाने विचारलं, मोजे घालून काऊन झोपता? म्हटलं, गारठा आहे. तिने वर गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि दिवा मालवला.

११ ऑगस्ट.
बोट निळसर दिसतं. बुटाचा रंग उतरला असेल. बूट तपकिरी आहेत हे खरं.

हल्ली आडवं पडलं की पाय ठणकतो. खाटेवरून खाली लोंबता सोडला तर जरा बरं. भीती वाटते. इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार?

१९ ऑगस्ट.
भार्गवी मॅडमचा फोन. तुमचा रिपोर्ट सगळ्या पेशंटमध्ये उत्तम, ऑपरेशनचा विचार आता नको. एवढंच नाही. ३१ तारखेला बुलढाण्यात पेशंटचा मेळावा आहे, आदर्श रुग्ण म्हणून शाल-श्रीफळ, दोन शब्द बोलायचे.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही. आभारी आहे, असं बाहेर पडलं.

३० ऑगस्ट.
भाषण तयार. विषय: शिस्त. बोटाला वास येतो आहे. पावडर भरपूर, वर दोन मोजे. सत्कार होऊ दे. सोमवारी मॅडमना एकांतात सांगेन. एका दिवसाने काय होतं?

३१ ऑगस्ट. संध्याकाळ. दवाखाना.
हॉल भरलेला. पहिल्या रांगेत शैलजा, शेजारी मुद्दाम पुण्याहून आलेली रेवती. निवेदक म्हणाला, आता आदर्श रुग्णाच्या हस्ते दीपप्रज्वलन. मी ऐटीत उठलो. समोर धन्वंतरीची तसबीर, समई, हार. पाहुण्यांनी चपला काढल्या. मॅडमनीही काढल्या. बूट घालून समई लावणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्मला नाही.

सगळे थांबले होते. फोटोवाला म्हणाला, काका, बूट. आयुष्यात एवढ्या सावकाश लेस कोणी सोडली नसेल. बूट निघाला. दोन्ही मोजे भिजलेले. पांढऱ्या फरशीवर ओला डाग उमटला, आणि वास मलाच आधी आला.

मॅडमनी हातातली काडी विझवली. सगळ्यांसमोर फरशीवर बसल्या आणि स्वतःच्या हाताने मोजा काढला. वर बघून एवढंच विचारलं, किती दिवस झाले? शाल टेबलावर तशीच राहिली. भाषण खिशातच आहे.

१० सप्टेंबर.
रक्तवाहिनी फुगवून मोकळी केली. पाय राहिला. बोट गेलं. मॅडम रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, जुलैतच कळवलं असतं तर बहुतेक बोटही राहिलं असतं. हल्ली बऱ्याच वेळा मनात तेच वाक्य येतं. कापायला निघालेत म्हणून मी ज्यांच्यापासून लपलो, ते वाचवायलाच बसले होते.

ॲप आता शैलजाच्या मोबाईलमध्ये टाकलं आहे.

आज वॉर्डात पहिल्यांदा चालवलं. तिच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंतही पोचलो नाही. तिने विचारलं, दुखते का? नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणालो. फार दुखतं म्हणालो. मग तिथेच, नर्स बघत असताना, रडलो.

ती म्हणाली, एवढंच ऐकाचं होतं मले. त्याच्यासाठी बोट देऊन बसले तुमी.