गॅरेजात राहिलेली गाडी आणि इतर मिळकत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, धंद्याने सुतार, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. वाचायला चष्मा लागतो, पण रेघ अजून सरळ ओढतो. हे मी कोणाच्या सांगण्यावरून, धाकाने किंवा दडपणाखाली लिहीत नाही. पत्नी शेजारच्या खोलीत पलंगावर आहे आणि "काय लिहिताय एवढं?" असे मधून मधून विचारते, त्याला दडपण म्हणता येणार नाही. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे, कारण त्यात वाटून दिलेल्या बहुतेक वस्तू आता माझ्याकडे नाहीत. त्या कुठे गेल्या ते पुढे ओघाने येईल.

कलम एक : राहते घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा कारखाना ही माझी स्वकष्टार्जित स्थावर मिळकत आहे. ती माझ्यामागे पत्नीच्या हयातीपर्यंत पत्नीची आणि तिच्यानंतर आमच्या एकुलत्या एका मुलीची. घरातले एकही दार कुरकुरत नाही. दारांचे उंबरे मी स्वतः उखडून काढले, कारण पत्नीच्या चाकांच्या खुर्चीला ते आडवे येत. मुलीला पुढे घर विकायचे झाल्यास माझी हरकत नाही. उंबरे नाहीत म्हणून कोणी किंमत पाडू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

कलम दोन : फळी. ही वस्तू आता अस्तित्वात नाही, पण तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही.

पत्नीने आयुष्यभर माझ्या खुर्च्यांना वेत विणला. ते काम जमिनीवर बसून करायचे असते. तिचे गुडघे आणि खुबा त्यातच कायमचे आखडले, आणि हृदय अधू म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. तिला उचलून कुठे बसवू गेले की ती कळवळते. म्हणून मी आमच्या गाडीच्या पुढच्या सीटला, बिजागरीवर दुमडणारी एक सागाची फळी बसवली. चाकांच्या खुर्चीतून ती फळीवर सरकायची आणि फळीवरून सीटवर. कोणी हात लावायचा नाही. फळीला पॉलिश तिनेच केले. "बसायचंय मला, तुमचा हात नको," म्हणाली. माझ्या पॉलिशवर तिचा कधीच विश्वास नव्हता.

त्या फळीच्या जोरावर आम्ही दर रविवारी नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात तिच्या थोरल्या बहिणीकडे जात होतो. या ताईने पत्नीला आईविना वाढवले, शिकवले, माझ्याशी लग्न करू नकोस म्हणून बजावले आणि मग लग्नही लावून दिले. आम्ही फाटकाशी गाडी लावायचो. ताई येऊन मागच्या सीटवर बसायची आणि दोघी दारे उघडी टाकून मनसोक्त भांडायच्या. "कार्टे, केस विंचरलेस का आज?" हे ताईचे पहिले वाक्य ठरलेले. कार्टीने सत्तरी ओलांडली होती. मी बाहेर झाडाखाली उभा राहायचो आणि दोघींच्या तावडीतून सुटल्याबद्दल मनातल्या मनात खूश असायचो.

ताईला विसरण्याचा आजार जडला होता. तिथल्या नर्सबाईंनी आम्हाला आडपडदा न ठेवता सांगितले, "येत राहा. डोळ्यांसमोर असलेलं माणूस त्यातल्या त्यात जास्त लक्षात टिकतं. खंड पडू देऊ नका." आमच्या घरात निकडीची अशी एवढी एकच गोष्ट होती.

कलम तीन : बँकेतली मुदत ठेव. ही पत्नीच्या औषधपाण्यासाठी होती. तीही आता नाही.

एका रविवारी परतताना गाडीत नारिंगी दिवा लागला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "काका, गाडी ठणठणीत आहे. सीटखालचा सेन्सर वेडा झालाय. दिव्यावर चिकटपट्टी लावा आणि खुशाल हिंडा." मला त्याचा राग आला. मी जन्मात लाकडाची भेग लांबी-पुट्टीने बुजवून कोणाच्या गळ्यात मारलेली नाही. दिवा लागला आहे म्हणजे काहीतरी बिघडले आहे, आणि बिघडलेले झाकायचे नसते, अशी माझी समजूत. पट्टी लावून गाडी हाकणे माझ्याच्याने होईना. म्हणून मी ती कंपनीच्या अधिकृत गॅरेजात नेली. चिकटपट्टी घरात होती, हातोड्याशेजारीच.

त्या गॅरेजात सगळीकडे काच. कॉफीचे मशीन फुकट, सोफे मऊ. सोफ्याखाली हात घालून पाहिला तर सांगाडा दाबलेल्या भुशाचा. तिथेच मी उठायला हवे होते. समोर आला तो टाय लावलेला, हसतमुख, माझ्या मुलीपेक्षा लहान. "काका, सेन्सर बदलायचा, एवढंच." सेन्सर बदलला. दिवा तसाच. "काका, सेन्सरमागची वायर, एवढंच." वायर बदलली. मग कॉम्प्युटरचा डबा, एवढंच. मग त्या डब्याला ओळखेल असा दुसरा डबा. प्रत्येक बिल आधीच्या बिलाचा थोरला भाऊ. पत्नीने त्या गृहस्थाचे नावच 'एवढंच' ठेवले. फोन वाजला की पलंगावरून विचारायची, "एवढंच का हो? काय म्हणतोय?"

मी मध्येच गाडी परत मागितली नाही असे नाही. मागितली तेव्हा ती उघडून ठेवलेली होती, आणि उघडलेली गाडी जोडून घ्यायचेही बिल होते. निम्मे काम करून घेतलेल्या गिऱ्हाइकाला दुसरे दार नसते. हे मी सुतार असून मला आधी कळू नये, याचे मला अजून नवल वाटते. मुलगी फोनवर म्हणत होती, "बाबा, विका ना ती. दुसरी घ्या." दुसरी घ्यायचे पैसे पहिलीच्या पोटात गेले होते. ठेव मोडायला मीच बँकेत गेलो.

कलम चार : हत्यारे. रंधा मारायचे मशीन आणि मोठी करवत आधीच्या मृत्युपत्रात माझ्या जुन्या कारागिराला दिली होती. ती तिसऱ्या आणि चौथ्या बिलात गेली. ती विकण्याआधी त्याला मी तोंडाने सांगितले. त्याने नुसती मशीनवरची धूळ पुसली. हाताची हत्यारे शिल्लक आहेत. पटाशा, हातरंधा, गुण्या आणि गिरमिट त्याला द्यावेत. छोटी पटाशी मात्र कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला द्यावी. तिचा त्याला काही उपयोग नाही, पण त्याचे ऐकले नाही याची माझ्याकडून एवढी तरी भरपाई.

फळीचे काय झाले तेही इथेच लिहितो, कारण तीही माझ्या हातची. एवढंचने मला बाजूला घेऊन सांगितले, "काका, कंपनीचं नसलेलं काही सीटला असेल तर आम्हाला हात लावता येत नाही. नियम आहे." मी म्हटले, "काढा, पण मला परत द्या. तिच्यावाचून माझी बायको घराबाहेर पडू शकत नाही." तो "नक्की काका" म्हणाला. पुढच्या खेपेस त्याने मला प्लास्टिकची पिशवी दिली. आत फळीचे तुकडे होते. कंपनीचे नसलेले भाग पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून कापून टाकतात, हाही नियमच. करवत बोथट होती, कडा सगळ्या फाटलेल्या. बिलात फळी काढण्याची मजुरी वेगळी लावली होती. मी ती भरली, कारण मागे लोक रांगेत होते. पिशवी घरी आणून कारखान्यात ठेवली. पत्नीने दोन दिवसांनी पिशवीत काय ते विचारले. मग म्हणाली, "पॉलिश चांगलं बसलं होतं हो."

कलम पाच : आरामखुर्ची. ही मी घडवलेली आणि पत्नीने विणलेली. तिने विणलेले हे शेवटचे काम. ती ताईला द्यावी.

गाडी अडकल्यावर पहिल्या रविवारी मी टॅक्सी बोलावली; परक्याच्या सीटला फळी ठोकता येत नव्हती. ड्रायव्हर आणि मी, दोघांनी पत्नीला उचलले. ती अशी ओरडली की समोरच्या घरातली माणसे बाहेर आली. "मला आत न्या," एवढेच म्हणाली. अँब्युलन्सचे नाव काढले की म्हणायची, "मी अजून मेले नाहीये. गाडी येतेच आहे ना?" गाडी येतच होती. भाग परदेशातून निघाला होता. मी माणसाला फसवत नाही, पण त्या महिन्यांत मी तिला रोज सांगितले की या आठवड्यात होईल. मलाही तसेच सांगितले जात होते.

तोवर दोघी फोनवर बोलायच्या. आधी ताई रागवायची, "कार्टे, रविवारी का नाही आलीस?" मग तेच पुन्हा पुन्हा विचारायची. मग विचारेनाशी झाली. एकदा पत्नीने फोन कानाला लावला, बराच वेळ "ताई, मी गं, मी," म्हणत राहिली आणि मग माझ्या हातात दिला. पलीकडे ताई नर्सबाईंना सांगत होती, "कोणीतरी बाई आहे, रडतेय."

त्या दिवशी पत्नीने आपणहून अँब्युलन्स बोलवायला सांगितली. केस विंचरले. मला दोनदा भांग पाहायला लावला. वृद्धाश्रमात तिला स्ट्रेचरवरून ताईच्या खोलीत नेले. ताई खिडकीशी बसली होती, तब्येतीने छान, पदर नीट खोचलेला. तिने पत्नीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि हात जोडून अगदी अदबीने म्हणाली, "या. तुम्ही लांबून आलात का?"

जन्मात जिने 'कार्टे' शिवाय हाक मारली नाही तिने 'तुम्ही' म्हटले. पत्नी म्हणाली, "हो, लांबून." दोघी थोडा वेळ हवापाण्याचे बोलल्या. निघताना ताईने शिष्टाचार म्हणून तिला फाटकापर्यंत सोबत केली. ताईने तिला ओळखले नाही.

तरीही खुर्ची ताईलाच द्यावी. कोणाकडून आली हे सांगत बसू नये.

कलम सहा : मोटारगाडी. ही अजून गॅरेजात उभी आहे. भाग आला, बसवला, दिवा विझला असे कळते. शेवटचे बिल बाकी आहे आणि जागेचे भाडे रोज वाढते. मी विचारले तेव्हा पत्नी म्हणाली, "राहू द्या तिथंच. कुठं जायचंय आता?" दुसऱ्या दिवशी तिने तिच्या बाहेर जायच्या चपला भांडी घासणाऱ्या बाईंना देऊन टाकल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, दुसरे काय करणार?

सदर गाडी, तिच्यावरच्या सर्व बिलांसह, भाड्यासह आणि पुढे लागणाऱ्या दिव्यांसह, मी एवढंच यांस देतो. त्यांनी ती घ्यावी अशी कायद्याने सक्ती करता येत नाही, असे मला सांगण्यात आले आहे. तरी हे कलम त्यांना समक्ष वाचून दाखवावे. तो मुलगा वाईट नाही. त्याच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेला असणार. शेवटच्या भेटीत त्याने आवाज उतरवून विचारले, "काका, काकू बऱ्या आहेत ना?" पण मी त्याला माफ केलेले नाही, आणि मेल्यावर माफ केले असे कोणी परस्पर समजू नये.

कलम सात : नवी फळी. जुन्या मापाने एक फळी मी पुन्हा करायला घेतली आहे. मशीन नसल्यामुळे हाताने रंधतो आहे, वेळ लागतो. ही गाडीसाठी नाही. माझ्यामागे पत्नीला उचलायला कोणी नसेल, तेव्हा ती पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर हिच्यावरून सरकेल. तिला आता एवढाच प्रवास उरला आहे. माझ्या हातून काम अर्धे राहिले तर कारागिराने पुरे करावे. पॉलिश पत्नीकडून करून घ्यावे. ती नाही म्हणेल, तरी ब्रश तिच्या उशाशी ठेवावा.

कलम आठ : माझे अंत्यसंस्कार साधे करावेत. मला नेताना गॅरेजच्या रस्त्याने नेऊ नये, लांब पडले तरी चालेल. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. तिने आईला आपल्या घरी चल म्हणून फार आग्रह करू नये. ती कशात बसून येणार?

खाडाखोडीबाबत : वरील सर्व मजकूर मी पत्नीला वाचून दाखवला. एवढंचच्या कलमाला ती किंचित हसली. बाकी कशाला हरकत घेतली नाही. नंतर म्हणाली, "पाचव्या कलमात एक शब्द जास्त झालाय. तेवढा खोडा." मी म्हटले, अगं, हा कायदेशीर कागद आहे, यात खोटे लिहिता येत नाही. ती म्हणाली, "फाटकापर्यंत आली ना ती? मग? खोडा."

सबब कलम पाचमधील 'ओळखले' या शब्दापुढचा 'नाही' हा शब्द मी खोडला आहे आणि बाजूला सही केली आहे. या मृत्युपत्रातला एवढा एकच फरक मी दडपणाखाली केला आहे.

ठिकाण : स्वयंपाकघर
दिनांक : नऊ मार्च, रविवार

सही : सुतार (लिहून ठेवणार)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली :
१. कोपऱ्यावरचा मेकॅनिक
२. शेजारचे निवृत्त पोस्टमन