सासऱ्यांसाठी राखून ठेवलेला मामा

१ जानेवारी १९७१
नवीन वर्ष. संकल्प: आजपासून गाडीत कुणालाही मामा म्हणायचं नाही. नगर–करमाळा रोडवर कंडक्टर झाल्यापासून दिवसभर तेच. पुढं सरका मामा, सुट्टे काढा मामा. एवढे मामा खरंच असते तर एव्हाना माझं लग्न झालं असतं. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात. हा शब्द आता त्यांच्यासाठीच राखून ठेवणार.

अनोळखी माणसाला यापुढं इंग्रजीत हाक. परवा नगरला मॅटिनीला इंग्रजी पिक्चर बघितला. मिस्टर, बॉस, चीफ, ओल्ड बॉय. नाव माहीत नसलं तरी कुणाचं काही अडत नाही.

४ जानेवारी
पँटवाल्याला मिस्टर, घड्याळवाल्याला बॉस, फेटेवाल्याला चीफ. परिणाम उत्तम. एका फेटेवाल्याला म्हटलं, चीफ, पुढं सरका. तो चीफ कुठं आहे ते बघायला उठला. तेवढीच जागा झाली.

ड्रायव्हर कानिफनाथ म्हणतो, सरळ पाव्हणं म्हन की, जीभ झिजती का तुझी? त्याचं शिक्षण कमी.

१० जानेवारी, रविवार
आईबरोबर मिरजगावला मुलगी बघितली. पुष्पावती. सातवी पास. आईनं माझं वय पंचवीस सांगितलं. दिसतोही तेवढाच. मुलीनं मान वर केली नाही, पण चहा देताना हात जराही थरथरला नाही. फार आवडली.

वडील घरी नव्हते. चुलता म्हणाला, आमचे आबा पोरगा बघितल्याबिगर शब्द देत न्हाईत, येतील सवडीनं, सांगून न्हाई यायचे.
येऊ देत. नवा शर्ट शिवायला टाकला.

१९ जानेवारी
रोज ड्यूटीवरून आलो की नवा शर्ट घालून ओट्यावर बसतो. आज आईला समोर उभं करून 'या मामा, बसा मामा' याची प्रॅक्टिस केली. आई म्हणाली, शर्ट मळंल. खाकीत मला कोण बघणार?

२५ जानेवारी
मिरजगावला एक म्हातारा चढला. धोतर, काठी. तिकीट राहिलं बाजूला, माझ्याकडंच बघत बसला. मग विचारतो, घरी कोन कोन हाय, मास्तर? मी म्हणालो, ओल्ड बॉय, पैसे काढा, चौकशा नंतर. आजवरची सगळ्यात सफाईदार हाक. गाडीत हशा. म्हातारा पुढं बोललाच नाही. छाप पडली असावी.

नगरला कानिफनाथनं त्याला मामा, दमानं, म्हणत हाताला धरून उतरवलं. शिवाय चहाला नेलं. असल्या सवयींमुळंच बिचारा मागं राहिला.

२ फेब्रुवारी
मिरजगावचा निरोप आला. जमत नाही. पत्रिकेचं असणार.
कानिफनाथनं पेढे दिले. धाकट्या भावाचं, आसारामचं, जमलं. मुलगी मिरजगावची. मिरजगावात मुली पुष्कळ आहेत.

३ फेब्रुवारी
तीच आहे. कानिफनाथ म्हणाला, मामा तुलाच बघाया आल्ते की रं त्या दिवशी, मला वाटलं तुला ठावं हाय. चहा पिता पिता आसारामचा विषय निघाला म्हणे.
जेवलो नाही. आईला पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. पुष्पावतीनं दिलेला तो चहाचा कप सारखा आठवतो. वाईट वाटतंय.
ओल्ड बॉय हा शब्द मुळात आदराचाच आहे. लोकांना कळत नाही.

१७ मे
ऊन फार. घसा बसल्यामुळं इंग्रजी सध्या बंद.
मिरजगावला आसाराम बायकोला घेऊन चढला. तो ट्रंक घेऊन मागं जागा धरायला गेला, तिकिटाला ती थांबली. त्या दिवशी मान खाली होती, त्यामुळं मला ओळखलं नाही. हिरव्या चुड्याचा हात पुढं केला. जराही थरथरला नाही. म्हणाली, मामा, दोन नगर द्या.
दिली.