थिनरचा वास आणि सूनबाईंचं टेबल

ती. काका यांच्या दोन्ही पायांवर (जुन्या गुडघ्याच्या आणि नव्याच्याही) डोकं ठेवून नमस्कार. काकूंना वेगळा नमस्कार, कारण सध्या तुम्हाला सांभाळण्याचं काम त्यांच्याकडे आहे.

नवा गुडघा अंगी लागला का? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि तुम्ही खुर्चीतून त्यांनाच चालवताय, अशी खबर काकूंच्या फोनवरून आली. तुम्ही कुणाचं ऐकणार नाही हे घरात सगळ्यांना पाठ असल्यामुळे त्यावर मी काही लिहीत नाही. इकडे सगळं ठीक. कारखाना चालू आहे, म्हणजे तुमच्याशिवाय तो जेवढा चालावा अशी तुमची इच्छा असेल तेवढा चालू आहे. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "काही विशेष?" आणि मी "काही नाही" म्हणालो. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. फोनवर बोलताना माझ्या एका बाजूला आई असते, दुसऱ्या बाजूला तुमच्या सूनबाई, आणि हल्ली समोर मेव्हणी. तिघींच्या मधे बसून माणूस "काही नाही" एवढंच म्हणू शकतो. म्हणून हे पत्र.

मेव्हणी म्हणजे हिची धाकटी बहीण. आमच्या लग्नात शिकत होती, ती अजूनही शिकतच आहे, फक्त आता त्याचा पगार मिळतो. एका प्रयोगशाळेत ती गाभण उंदरिणींना निरनिराळी रसायनं थोडी थोडी देते आणि पिल्लांचं काय होतं ते बघते. (आई तिला 'उंदीरवाली' म्हणते. आधी पाठीमागे म्हणायची, आता हाकच मारते.) हिला दिवस गेल्याचं कळल्यावर पोरीने रजा टाकली आणि एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली. यावेळी आमच्या घरात कुणी मोठ्याने आनंद करत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सगळे पायमोजे घातल्यासारखे बोलतात. तिथे ही बाई बूट घालून आली.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर तिने आम्हाला शिकवलं. तिचं म्हणणं असं, की आईबापांकडून मुलाला जी जनुकं मिळतात ती म्हणजे एक भलंमोठं घर, आणि त्यात हजारो दिवे. कुठला दिवा कधी लावायचा आणि कुठला विझवायचा, यातलं पुष्कळसं पोटातल्या महिन्यांत ठरतं. घर तेच, तारा त्याच. पण प्लॅस्टिकमधलं, रंगातलं, सुगंधी बाटलीतलं एखादं रसायन आईच्या रक्तातून आत शिरतं आणि भलतंच बटण दाबून येतं. मग तिने फोनवर दोन उंदरांचा फोटो दाखवला. जनुकं दोघांची अगदी सारखी, पण एक तपकिरी आणि सडसडीत, दुसरा पिवळा आणि गलेलठ्ठ. फरक एवढाच, की आयांना गाभणपणी खायला वेगवेगळं मिळालं होतं. आईने पिवळ्या उंदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा उंदराकडे पाहिलं.

तेवढ्यावर थांबेल ती मेव्हणी कसली? मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या अंगात तिची सगळी अंडी तयार असतात, असंही तिने सांगितलं. म्हणजे आजी गरोदरपणी जे हुंगते, ते एका फटक्यात नातवंडापर्यंत पोचू शकतं. यावर आई एकदम सरसावून बसली. म्हणाली, "म्हणजे याचा चेंगटपणा माझ्या आईच्या वेळचा आहे म्हण की! मी उगाच इतकी वर्षं याच्या बापाला बोलत आले." विज्ञानाने आमच्या घरात केलेलं हे पहिलं (आणि आजवरचं एकमेव) समाधानाचं काम.

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तुमच्या वहिनींचा प्लॅस्टिकच्या रिकाम्या डब्यांचा संसार तुम्ही पाहिला आहे. आइस्क्रीमचे, बिस्किटांचे, साबणपावडरीचे, आणि ज्यात काय होतं ते आता कुणालाच आठवत नाही असे. मेव्हणीने ते सगळे जमिनीवर मांडले आणि म्हणाली, यात गरम जेवण ठेवायचं नाही. आई झाकणांच्या पिशवीवर जाऊन बसली. उठायला तयार नाही. शेवटी तह झाला, तो असा: डबे राहतील, पण त्यांत बटणं, दोरे आणि खिळे राहतील, अन्न काचेत आणि स्टीलमध्ये जाईल. आई कबूल झाली ती रसायनांना भिऊन नाही, तर शेजारणीकडे काचेच्या बरण्या आहेत म्हणून. आता आमच्याकडे इतके खिळे नीट ठेवलेले आहेत की कारखान्यातले कमी पडतात.

घरात एवढी सुधारणा चाललेली असताना होणाऱ्या बापाने हातावर हात धरून बसावं, हे मला बरं दिसेना. बाळाच्या खोलीच्या खिडकीचा जुना रंग पोपडे धरून सुटत होता. मी कारखान्यातलं घासायचं मशीन आणलं आणि सगळ्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून कुणालाही न सांगता खिडकी घासायला घेतली. धक्का बसला. पांढऱ्या धुरळ्याने खोली भरली, मग जिना, मग बाहेर वाळत टाकलेले कपडे. मेव्हणी वर आली, दारातच थबकली, आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता बहिणीला एका हाताला आणि आईला दुसऱ्या हाताला धरून शेजाऱ्यांकडे घेऊन गेली. तिथून तिने मला फोन केला. (मधे एक भिंत. पण फोन.) "भाऊजी, जुन्या रंगात शिसं असू शकतं. इतके दिवस ते बिचारं खिडकीला चिकटून होतं. तुम्ही ते घरभर वाटलंत." मग मी तोंडाला फडकं बांधून, ओल्या कापडाने, घरातली प्रत्येक वस्तू पुसली. तोवर तिघी शेजारीच. तिथे तिने शेजारणीच्या सुवासिक मेणबत्त्या विझवून खिडकीबाहेर ठेवल्या आणि डासांची उदबत्ती पाण्यात बुडवली. त्यामुळे शेजाऱ्यांनी तिघींना फार आग्रह न करता परत पाठवलं.

आता कारखान्याचं. हिशेबाचं टेबल पॉलिशच्या खोलीला लागून, मधल्या प्लायच्या भिंतीला जिथे फट आहे तिथे, तुम्हीच ठेवलंत. हिशेब करता करता सूनबाईंचं पॉलिशवर लक्ष राहील, ही तुमची कल्पना. लक्ष राहिलं, यात शंका नाही. थिनरचं आणि हिचं इतकं सूत जमलं, की तो हिच्याबरोबर घरी यायचा. मागच्या आठवड्यात मेव्हणी जेवणाचा डबा (स्टीलचा) घेऊन तिथे आली. जरा वेळ उभी राहिली तर डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने विचारलं, "ताई, तू इथे रोज बसतेस?" ही म्हणाली, "मला आता वासच येत नाही गं." मेव्हणी म्हणाली, "वास आहेच. तुझं नाक थकलंय."

मग ती पॉलिशवाल्या मिस्त्रींकडे वळली आणि फवारा बंद करा म्हणाली. मिस्त्री म्हणाले, माल उद्या जायचाय, उंदीर थांबतील, गिऱ्हाईक थांबत नाही. मी मधे पडलो आणि माझ्या पद्धतीप्रमाणे दोघांचंही बरोबर आहे असं सांगितलं, त्यामुळे दोघंही माझ्यावर चिडले. आणि इतक्यात, काका, तुम्ही जिला गरीब गाय म्हणता ती तुमची सूनबाई उठली. पेनाला टोपण लावलं, दोन सुतारांना हाक मारली आणि म्हणाली, "उचला." त्यांनी टेबल उचललं. ही पुढे, मागून टेबल, त्यामागे कॉम्प्युटर छातीशी धरून मेव्हणी, अशी वरात फाटकाबाहेर पत्र्याच्या शेडखाली गेली. वायर आतून ओढली आणि काम सुरू. रस्त्यावर ट्रकचा धूर असतो, हे मी नम्रपणे निदर्शनास आणलं. दोघी बहिणींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मी धुराचा विषय काढलेला नाही.

फूटपाथवरची कचेरी झकास चालली. गिऱ्हाइकांना आत यायला नको, वसुलीला सोपं. पण काल ही डॉक्टरांकडे गेली आणि टेबल माझ्यावर सोपवून गेली. एक गृहस्थ आले, "हे केवढ्याला?" म्हणाले. मला वाटलं, बाजूला टेम्पोची वाट पाहत ठेवलेल्या कपाटाबद्दल विचारतात. मी किंमत सांगितली. त्यांनी घासाघीस केली नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पावती आणायला आत गेलो आणि बाहेर आलो, तर कॉम्प्युटर जमिनीवर, खणातला सगळा ऐवज खुर्चीत नीट रचलेला, कपाट जागेवर, आणि टेबल टेम्पोतून कोपऱ्यावर वळताना दिसलं. गृहस्थ सज्जन. जाताना त्यांनी हातही हलवला.

ही डॉक्टरांकडून परत आली. रिकामी जागा पाहिली, मला पाहिलं. मग कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसली आणि इतकी हसली, की सुतार रंधा थांबवून बाहेर आले. तिला असं हसताना मी मागच्या वर्षभरात पाहिलं नव्हतं, म्हणून टेबल गेल्याचं दुःख मला मनासारखं करता आलं नाही.

असो. इकडची काळजी करू नये, गुडघ्याची करावी.

आपला आज्ञाधारक (इतर कुणी काही सांगत असलं तरी)
पुतण्या

ता. क. विकलं गेलेलं टेबल कारखाना सुरू करताना तुम्ही स्वतःच्या हाताने बनवलेलं ते होतं. हे वर लिहायचं राहिलं.

ता. क. २. दर्शनी बाजूची तुमची केबिन, दोन खिडक्यांची, तुम्ही गेल्यापासून कुलूपबंद आहे. आत टेबलही आहे. तेवढी किल्ली, काकू इकडे येतील तेव्हा, त्यांच्याबरोबर पाठवाल का? बाळंतपण होईपर्यंतच. पत्राचं कारण म्हणाल तर एवढंच.

ता. क. ३. पत्र हिने वाचलं. किल्लीची गरज नाही म्हणते. सकाळी सुतारांनी बिजागऱ्या काढल्या. दार सुरक्षित आहे, भिंतीला टेकवून ठेवलंय, आणि ही आत बसली आहे. तेव्हा फक्त परवानगी पाठवावी, आणि शक्य असल्यास कालच्या तारखेची.

ता. क. ४. हे तिच्या नकळत लिहितो आहे. मागच्या दोन्ही खेपांना, दिवस भरायच्या आधीच सगळं संपलं तेव्हा, ही त्याच फटीपाशी बसत होती. त्याचा आणि याचा काही संबंध असेल का, हे मी मेव्हणीला एकटीला गाठून विचारलं. वाटलं, आता पुन्हा दिवे, उंदीर, आजी, सगळं ऐकावं लागणार. ती म्हणाली, "माहीत नाही, भाऊजी. होता असंही कुणी सांगू शकणार नाही, नव्हता असंही नाही." एवढंच. मी तसाच कारखान्यात गेलो आणि पॉलिशची खोली बंद केली. माल दुसरीकडे पॉलिश होऊन जाईल, मोठा पंखा बसेपर्यंत आणि थिनरऐवजी पाण्यात कालवायचं पॉलिश मिस्त्रींच्या हाताला बसेपर्यंत. मिस्त्री रुसले आहेत. तुम्हीही रुसाल. याची परवानगी मात्र मी मागत नाही. रागवायला खुशाल फोन करा, पण दुपारी नको. दुपारी ही झोपते, आणि अलीकडे तिला झोप लागते.