घाऱ्या डोळ्यांत शाई

सोमवार, ११ फेब्रुवारी १९५२. सकाळी ९-४०.
काळोख्या खोलीत कुंदाच्या फोटोचा प्रिंट धुऊन वाळत ठेवला. बोटं अजून ओली आहेत. घात झाला!
निर्वासितांच्या कँपातल्या आमच्या स्टुडिओत निगेटिव्हच्या काचा जुन्या, स्वस्तातल्या. त्यांना तांबडा रंग दिसतच नाही— म्हणून तर तांबड्या दिव्याखाली धुता येतात. निळा मात्र प्रिंटवर पांढरा होऊन येतो. रोजचं काम माझं, आणि सख्ख्या बहिणीचा फोटो काढताना विसरलो. कुंकू काळंठिक्कर. घारे, निळसर डोळे— नुसते पांढरे. तीन सेकंद हलायचं नाही म्हणून ओठ आवळलेले, ते वेगळंच.
स्टुडिओचे मालक शेठ हासोमल बघून म्हणाले, "अरे साईं, ये तो अंधी लगती है!"
काचा संपल्या. नवी पेटी शनिवारी. फोटो उद्याच अंबरनाथला मुलाकडच्यांना पोचायचा आहे.

मंगळवार, १२.
बारीक कुंचल्याने प्रिंटवर शाईची दोन बुबुळं काढली. छान जमली. फार छान.
अण्णा खूश. "आता कशी माझी मुलगी दिसते!" कुंदाने फोटो हातात धरला. म्हणाली, "दादा, ही कोण?"

शनिवार, १६.
मध्यस्थ मोतीबाई बदलापूरला घरी आल्या. फोटो पसंत! उद्या बघायला येणार. "मुलाच्या आईची एकच अट हो— घारी नको. फोटो बघून निर्धास्त झाल्या."
शाईचं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं.

रविवार, १७.
चारला आले. कुंदा खाली बघत बसली. "वर बघ गं, मुली." तिने बघितलं.
मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली. "फोटोतली कुठाय? तिला लपवून हिला पुढे केलीत होय?"
मीच सगळं सांगितलं— काच, तांबडा दिवा, शाई. कुणाला कळलं नाही. मुलगा तेवढा म्हणाला, "म्हणजे लबाडी कॅमेऱ्याची की तुमची?"
डोळ्यांत शाई मी घातली. कॅमेऱ्याने नाही.

मंगळवार, १९.
अण्णा जेवत नाहीत. कुंदा माझ्याशी बोलत नाही.

बुधवार, २०.
मोतीबाई होकार घेऊन आल्या! मुलाने आईला समजावलं म्हणे. "त्या म्हणाल्या, घारी तर घारी, चालवून घेऊ."
अण्णा चपला घालून पेढे आणायला निघाले. कुंदा दारात आडवी उभी राहिली. "त्यांना सांगा, मला नाही चालवून घ्यायचं."
अण्णांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या.