तात्यांची होडी आणि नातीचा खेळ

तात्या, पाहुणे अजून गाडीतून उतरले नव्हते, तेवढ्यात शेजारीण दारात हजर. साखर मागायला आले म्हणाली, आणि वाटी घरीच विसरून आली होती. मग जावई उतरले, मग माझी लेक, आणि सगळ्यात शेवटी नात. मान खाली, नजर हातातल्या यंत्रावर, उंबऱ्याची ठेच लागली तरी डोकं वर नाही. शेजारीण माझ्या कानाशी लागली, "काकू, ही काय दोन दिस टिकत न्हाय हितं." बाई तोंडानं फटकळ, पण बोलली ते खोटं नव्हतं. मागच्या खेपेला पोरगी कंटाळली म्हणून लेक दुसऱ्याच दिवशी पुण्याला परतली आणि मग किती महिने फिरकली नाही. पोरीचं मन रमलं तरच लेकीचं येणं होणार, ही धास्ती मला चहा टाकतानाच लागली होती.

यंत्र म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला पाहिजे. शाळेच्या पाटीपेक्षा लहान, दोन्ही हातांत धरायचं, कडेला बटणं, आणि आत चित्रं पळतात. मी भाकरी थापत होते, ती शेजारी पाटावर बसलेली. काय खेळतीस म्हणून विचारलं, तर म्हणे हा जुना खेळ, खरा खेळ दिवाळीत यायचा आहे. आणि मग जी बोलायला लागली, ती थांबेचना. त्या खेळात एक बंदर आहे. आपली एक होडी असते. धक्क्यावर माणसं भरायची, त्यांना मोठी जहाजं, दिव्याचा मनोरा, पक्षी असं सगळं दाखवत फिरवून आणायचं. जास्त माणसं घेतली की होडी कलते. माणसं खूश झाली की आणखी मोठी होडी मिळते. खेळ अजून बाजारात नाही, पण त्याची जाहिरात पोरीला आरतीसारखी पाठ. आधी बारामतीत मिळेल का पुण्यात, हेही बापाला विचारून झालेलं. मला हसूच आलं. माणसं भरायची आणि पाण्यावरून न्यायची, हे तर तात्या, माझ्या बापाचं, तुमचं रोजचं काम. मी विचारलं, वारं सुटलं तर होडी कुठं बांधायची? पूर आला तर काय करायचं? तिनं यंत्र मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "आजी, हे बघावं लागेल." एवढ्यात तव्यावरची भाकरी करपली. तीच तिनं मागून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी जावई म्हणाले, धरणाच्या पाण्यावर होडीतून फिरवून आणतात, चला. बंदर नाही, पण धक्का आहे. गाडीत मी पोरीला तुमचा नियम सांगितला. मधल्या धारेला पोचलं की तुम्ही वल्हं थांबवायचात, आणि ज्याच्या हातात जे असेल त्यातलं त्यानं नदीला द्यायचं. कुणी मूठभर ज्वारी, कुणी पान, बाजारातनं येणाऱ्या बाया तर वांगीसुद्धा सोडायच्या.

आता होडीला इंजिन आहे, आणि सगळ्यांना नारंगी जाकीट घालतात. माझं लुगड्यावर काही बसेना. होडीवाल्या पोरानं बंद ओढला आणि म्हणाला, आजी, फोटूत झ्याक दिसताय. लांब मानेचे, तांबूस पंखांचे पक्षी दाखवले, कुठल्या देशातनं येतात ते सांगितलं. नातीच्या हातात यंत्र होतं, पण बंद. ती होडीवाला कसा वळण घेतो ते बघत होती. आपला घाट धरणात जिथं बुडाला असेल असं मला वाटलं, तिथं मी होडी थांबवायला सांगितली. लेकीला त्या यंत्राचा आधीच राग. ती म्हणाली, "हातातलंच द्यायचं ना नदीला? मग दे टाकून तुझं ते." चेष्टाच होती, पण पोरीला ती चेष्टा वाटली नाही. तिचं तोंड उतरलं. यंत्र छातीशी धरून ती माझ्याकडं बघायला लागली. नियम मीच सांगितलेला, आता निवाडाही मीच करायचा.

आणि मला तो दिवस दिसतो. मी लहान आहे, मांडीवर कुंभारणीनं दिलेला मातीचा बैल. होडी मधोमध थांबलेली. एक बाई म्हणते, पोरीचा बैल सोडा की, नियम सगळ्यांना सारखा. मी बैल पदराखाली घ्यायला बघते आणि मला तर पदरच नाही, परकर आहे. तुम्ही वल्हं आडवं ठेवता, कमरेची चंची सोडता, आपली तंबाखू पाण्यात टाकता आणि त्या बाईला असं दरडावता की ती तोंड फिरवून पाण्याकडं बघत बसते.

तेच शब्द माझ्या तोंडून निघाले. "लेकराचं खेळणं नदी घेत न्हाय. त्येच्या वाटचं मोठ्यानं द्यायचं असतं."

मी फडक्यातली अर्धी भाकरी टाकली. ती पाण्याला लागायच्या आत पाखरांनी उचलली. होडीवाला म्हणाला, नदीच्या आधी वाटेकरी आले. सगळे हसले, लेकसुद्धा. मग पोरीनं यंत्र आपणहून माझ्या हातात दिलं, धर म्हणाली, आणि होडीवाल्याशेजारी जाऊन बसली. धक्का येईपर्यंत मी ते दोन्ही हातांनी धरून होते, तुमच्यासारखी ताठ बसून. परत येताना तिनं विचारलं, त्या बैलाचं काय झालं. म्हटलं, पावसात इरघळला. मग तू रडलीस? न्हाय, तोवर खेळून झालं होतं.

नव्या खेळात होडीवर नाव लिहावं लागतं म्हणे. ती 'तात्या' लिहिणार आहे.

हे तुम्हाला कळवायचं होतं, पण पत्र टाकायचं कुठं? तुमचा पत्ता त्या पाखरांच्या खाली, पाण्यात आहे. डाळीच्या डब्याखाली ठेवून देते. शेजारणीला सांगितलंय की लेक येणार म्हणून दिवाळीची वाट बघते. खरं तुम्हाला सांगते, मी त्या खेळाची वाट बघते. एक फेरी मला द्यायचं कबूल केलंय पोरीनं. लेक-जावई भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणालेत.